तळघराच्या भिंतींना पुन्हा पुन्हा ओल: इन्सुलेशन आणि बोर्ड लावण्याआधी काय काय तपासायचं

तळघर राहण्याजोगं करायचं म्हणून भिंतींना इन्सुलेशन लावलं, वर जिप्सम बोर्ड चढवला, रंग दिला, खाली स्कर्टिंग ठोकलं. पहिलं वर्ष छान गेलं. मग वास सुरू झाला, स्कर्टिंग फुगलं, रंग सुटला. बोर्ड बदलला, पुन्हा रंग मारला आणि पुढच्या मोसमात पहिले पाढे पंचावन्न. अशी कामं दुरुस्तीला येतात तेव्हा बहुतेक ठिकाणी बोर्ड आधीच एकदा बदललेला असतो. दोष बोर्डात नसतोच. तो बोर्डामागे असतो, आणि बऱ्याचदा घराबाहेर.

लक्षणं

- दोन-चार दिवस बंद असलेलं तळघर उघडलं की कुबट वास येतो. थोड्या वेळाने नाक सरावतं आणि वास गेला असं वाटतं. तो गेलेला नसतो.
- भिंतीच्या तळाशी वीतभर उंचीपर्यंत रंगाला फोड येतात, पोपडे निघतात.
- उघड्या काँक्रीटवर किंवा विटांवर पांढरी भुकटी धरते, म्हणजे लोणा लागतो.
- स्कर्टिंग फुगतं, बोर्डाच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ उमटते, स्क्रूच्या डोक्यांच्या जागी गंजाचे ठिपके दिसतात.
- भिंतीला टेकलेल्या कपाटामागे किंवा खोक्यांच्या तळाशी काळे-हिरवे डाग पडतात.
- कडक थंडीत भिंतीच्या वरच्या भागात, छताजवळ थेंब दिसतात.
- उष्ण आणि दमट दिवसांत उलट होतं: खालचा भाग घामेजतो, फरशी पायाला चिकट लागते.
- मोठ्या पावसानंतर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी भिंत आणि फरशीच्या सांध्यात ओली रेघ दिसते.

शेवटची तीन लक्षणं नीट लक्षात ठेवा. ओल कुठे आहे आणि केव्हा येते, यावरून ती का येते याचा निम्मा उलगडा होतो.

पाणी दोन वाटांनी येतं

तळघराच्या भिंतीला भिजवणारं पाणी एक तर बाहेरच्या मातीतून येतं, नाहीतर आतल्या हवेतून. मातीतलं पाणी तड्यातून, सांध्यातून वाहत येतं किंवा काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतं. हवेतलं पाणी वाफेच्या रूपात असतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात, तसं ते थंड भिंतीवर जमतं. दोन्हींचे डाग सारखेच दिसतात, उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. मातीतल्या पाण्यावर डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढून घेणारं यंत्र) लावून काही होत नाही, आणि हवेतल्या पाण्यासाठी बाहेर खणून वॉटरप्रूफिंग करणं म्हणजे निव्वळ पैशाची नासाडी. म्हणून खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या काहींना जवळजवळ खर्च नाही, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

१. वही आणि हायग्रोमीटर

एक साधा डिजिटल हायग्रोमीटर आणा. तळघरात ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ तापमान आणि सापेक्ष आर्द्रता लिहा. बाजूला पाऊस होता का, खिडकी उघडी होती का, ओल कुठे दिसली, हेही लिहा. दोन-तीन आठवड्यांत चित्र दिसू लागतं.

हे आकडे का लिहायचे? हवा २० अंश सेल्सिअसला आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे ९ अंशांवर असतो, म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावरच पाणी सुटेल. तीच आर्द्रता ६० टक्के झाली की दवबिंदू १२ अंशांवर येतो. बाहेर शून्य अंश असेल तर जमिनीच्या वर डोकावणाऱ्या, इन्सुलेशन नसलेल्या २० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीट भिंतीचा आतला पृष्ठभाग साधारण ११ अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे ५० टक्क्यांना ही भिंत कोरडी आणि ६० टक्क्यांना तिला घाम. भिंत तीच, घर तेच. आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर जात असेल तर आधी तिच्या मागे लागा. ३० ते ५० टक्के हे चांगलं लक्ष्य आहे.

पाऊस पडला की ओल आणि पाऊस थांबला की काही दिवसांनी सुकतं, अशी नोंद सापडली तर मातीतलं पाणी. पावसाशी संबंध नाही, पण थंडीच्या लाटेत भिंत वरून ओली होते किंवा दमट उष्ण दिवसांत खालून, तर हवेतलं. खोलवरची माती वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला असते, म्हणून उन्हाळ्यात भिंतीचा तळ सगळ्यात थंड असतो. थंडीत जमिनीच्या वर असलेला भाग बाहेरच्या वाऱ्याला तोंड देतो, म्हणून तेव्हा वरचा भाग थंड.

२. प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी

उघड्या भिंतीवर ही चाचणी कराच. पारदर्शक जाड प्लास्टिकचा साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्या आणि चारही कडा चांगल्या टेपने भिंतीला पक्क्या चिकटवा. कुठूनही हवा जाता कामा नये. एक भिंतीच्या तळाशी, एक मध्यावर, एक वर लावा. दोन दिवस तसेच राहू द्या.

मग टेप काढण्याआधी नीट बघा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूवर बोट फिरवून ओलं लागलं तर पाणी हवेतलं आहे. वरची बाजू कोरडी, पण आतून बारीक थेंबांची जाळी आणि मागचं काँक्रीट गडद झालेलं असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही कारणं आहेत, आणि हे वाटतं त्यापेक्षा खूपदा दिसतं.

चाचणी कोरड्या मोसमात करून "भिंत कोरडी आहे" असा निर्वाळा देऊ नका. पावसाच्या दिवसांत करा, आणि थंडीत पुन्हा करा. नवं बांधकाम असेल तर आणखी एक गोष्ट: ताज्या काँक्रीटमधलं पाणी निघून जायला कित्येक महिने लागतात, जाड भिंतीला वर्षही कमी पडतं. अशा भिंतीवर घाईने बोर्ड चढवला की ते पाणी आतच कोंडलं जातं. गळती नसतानाही नव्या घराच्या तळघराला वास येण्याचं हे नेहमीचं कारण.

३. रोजच्या सवयी

तळघराला वास येतोय, म्हणून लोक आधी खिडक्या उघडतात. थंड आणि कोरड्या दिवशी हे बरोबर आहे. दमट उष्ण दिवशी मात्र घात होतो. बाहेर २८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू २२ अंश आहे. तळघराची भिंत १७-१८ अंशांवर असेल तर आत आलेली ती हवा भिंतीला टेकताच पाणी सोडणार. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवा आणि डिह्युमिडिफायर चालवा. त्याचं पाणी नळीने थेट ड्रेनमध्ये सोडा, कारण भरलेलं भांडं रिकामं करायचं विसरलं की यंत्र नुसतंच उभं राहतं.

कपडे तळघरात वाळत घालता का? ड्रायरची नळी बाहेर जाते की मधेच निसटलेली आहे? बाथरूमचा पंखा हवा बाहेर फेकतो की छताच्या पोकळीत? कपाटं भिंतीला खेटून आहेत का? ती हातभर पुढे ओढा. कपाटामागे हवा फिरत नाही आणि खोलीची ऊब पोहोचत नाही, त्यामुळे भिंतीचा नेमका तोच तुकडा सगळ्यात थंड राहतो.

४. पाइप आणि नळ

थंड पाण्याच्या पाइपला घाम येऊन खाली ठिबकत असेल तर फोमची नळी चढवली की काम झालं. गळतीचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर भिंतीला हात लावण्याआधी प्लंबरला बोलवा. संप पंप, म्हणजे फरशीखालच्या खड्ड्यात जमलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, असेल तर त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. पाण्यावर तरंगणारा फ्लोट उचलला जाऊन पंप सुरू झाला पाहिजे, आणि पाणी घरापासून लांब जाऊन पडलं पाहिजे. मोठ्या वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच पंप लागतो, म्हणून बॅटरीचा पर्यायी पंप नसेल तर फिनिशिंगच्या खर्चात आधी तो धरा.

५. घराभोवती फिरून या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मातीतल्या पाण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा भिंतीत नसतं, छतावरून उतरणारं पाणी पायाशी पडत असतं.

हिशेब करून बघा. १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५०० लिटर पाणी खाली येतं. पन्हळीला जोडलेला एखादा पाइप भिंतीच्या अगदी कोपऱ्यात संपत असेल तर त्याच्या वाट्याचं सगळं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरतं. मग आत त्याच कोपऱ्यातलं स्कर्टिंग फुगतं आणि लोक त्या कोपऱ्याला वॉटरप्रूफ रंग लावत बसतात.

भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहा. कोरड्या दिवशी हे कळत नाही. पन्हळ मधूनच ओसंडते का? पाइप तुंबलाय का? पाणी कुठे पडतं आणि तिथून कुठे वळतं? पाइपाला जोड देऊन पाणी पायापासून निदान दोन मीटर लांब न्या.

मग जमिनीचा उतार. घरापासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन साधारण १५ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. लेव्हल आणि लांब फळी असली की घरच्या घरी मोजता येतं. पाया बांधताना खणलेली जागा नंतर भरलेली असते. ती भर वर्षानुवर्षं दबत जाते आणि भिंतीलगत खोलगट पन्हळासारखी जागा तयार होते. वरून हिरवळ असल्यामुळे ती नजरेला येत नाही. तिथे चिकण मातीची भर घालून ती घट्ट दाबा आणि उतार बाहेरच्या बाजूला करा. वाळू किंवा नुसती खडी घालू नका, पाणी तिच्यातून सरळ खाली उतरतं. भर इतकीही उंच नको की भिंतीची ओलप्रतिबंधक पट्टी किंवा लाकडी भाग मातीखाली जाईल.

भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा आणि त्याला रोज पाणी, फरसबंदी घराकडे झुकलेली, खिडकीच्या खड्ड्यात साठलेला पालापाचोळा, यांतलं काही दिसलं तर तेही आत्ताच उरका.

इतकं करूनही नेमकी जागा कळत नसेल तर कोरड्या दिवशी नळीने चाचणी करा. एकाच जागी जमिनीलगत वीस-तीस मिनिटं पाणी सोडा, आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा. काही दिसलं नाही तर थोडं वर किंवा बाजूला सरका. सुरुवात नेहमी सगळ्यात खालून. आधीच वरून पाणी सोडलं तर ते कुठून आत शिरलं हे कधीच कळणार नाही.

६. भिंत जवळून बघा

लोणा आणि बुरशी यांत लोक गोंधळतात. पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर लोणा. काँक्रीटमधले क्षार पाण्याबरोबर वाहत आले, पाणी उडून गेलं आणि क्षार मागे राहिले. तो स्वतः आरोग्याला धोकादायक नाही, पण त्या जागी पाणी भिंतीतून येतंय याचा तो लेखी पुरावा आहे. लोणा कोरड्या ब्रशने काढा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा भिंतीत जातात. साफ केल्यावर पेन्सिलीने त्या भागाभोवती रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या पावसानंतर रेघेच्या आत पुन्हा पांढरं दिसलं तर वरची दुरुस्ती अजून पुरेशी झालेली नाही.

तड्यांचंही तसंच. काँक्रीट सुकताना पडलेली केसाएवढी उभी चीर नेहमीची असते. तिच्यातून पाणी येत असेल तर पॉलियुरेथेन इंजेक्शनने ती बंद होते. फॉर्मवर्कच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) सळ्यांची भोकं आणि भिंतीतून जाणाऱ्या पाइपभोवतीची फटही बघा. आडवा तडा, ब्लॉकच्या भिंतीत पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा, फुगून आत आलेली भिंत, किंवा दोन्ही बाजू मागे-पुढे झालेली चीर दिसली तर काम तिथेच थांबवा. अशा भिंतीवर मातीचा दाब आलेला असतो, नाहीतर पाया खचत असतो. ती बोर्डामागे झाकणं धोक्याचं आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आतून लावायच्या वॉटरप्रूफ रंगाबद्दल मी स्पष्टच सांगतो: वाहत्या पाण्यावर तो इलाज नाही. भिंतीबाहेर एक मीटर उंचीपर्यंत पाणी साठलं तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. हा दाब रंगाला मागून ढकलतो, आणि मागून ढकलला जाणारा थर आज ना उद्या सुटतो. बाहेरचं पाणी वळवल्यानंतर उरलेली वाफ कमी करायला अशा लेपाचा थोडा उपयोग होतो, तेवढ्यापुरताच तो लावा.

७. लावलेली भिंत उघडून बघा

बोर्ड आधीच लावलेला असेल तर अंदाज बांधत बसू नका. वीज बंद करा, स्कर्टिंग काढा आणि त्याच्यामागे, जिथे नंतर डाग दिसणार नाही अशा जागी, हातभर लांब आणि वीतभर उंच पट्टी कापून काढा. मास्क आणि हातमोजे घालूनच.

बहुतेक वेळा दृश्य ठरलेलं असतं. बोर्डाची पुढची बाजू स्वच्छ, मागच्या कागदावर राखाडी-काळे ठिपके. मग प्लास्टिकचा कागद, आणि त्याच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब. त्याच्यामागे ग्लास वूल, म्हणजे काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन. वरचा भाग हलका आणि फुगीर, पण खाली हात घातला तर जड, दबलेला आणि थंडगार. तळाच्या लाकडी पट्टीत स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज रुततं.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण इन्सुलेशन लावण्याआधी कोरडी असलेली भिंत इन्सुलेशन लावल्यावरच का भिजते याचं उत्तर इथे आहे. वर म्हटल्याप्रमाणे बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना उघडी भिंत आतून साधारण ११ अंशांवर होती. ९० मिलिमीटर ग्लास वूल लावला की घरातली ऊब भिंतीपर्यंत पोहोचतच नाही, आणि काँक्रीटचा आतला पृष्ठभाग एक-दोन अंशांवर घसरतो. ग्लास वूल उष्णता अडवतो, हवा अडवत नाही. खोलीतली हवा स्विचच्या डब्यातून, बोर्डाच्या वरच्या-खालच्या फटीतून मागे जाते आणि त्या थंड भिंतीवर पाणी सोडते. पाणी ओघळून तळाशी साठतं, लाकूड आणि कागद त्यात बसतात.

"मग पुढे प्लास्टिक लावलं की वाफ अडेल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. जमिनीवरच्या भिंतीच्या बाबतीत थंड प्रदेशात या विचाराला आधार आहे, कारण ती बाहेरच्या बाजूने सुकते. तळघराच्या भिंतीबाहेर कायम ओली माती असते. तिला सुकायला वाट एकच, आतल्या बाजूने. आतून प्लास्टिक लावलं की ती वाट बंद. भिंतीतून येणारी वाफ प्लास्टिकमागे अडकते, आणि प्लास्टिकच्या एखाद्या फटीतून गेलेली खोलीची हवाही तिथेच पाणी सोडते.

भिजलेला ग्लास वूल, बुरशी धरलेला बोर्ड आणि कुजलेलं लाकूड काढून टाका. वाळवून परत लावू नका, बुरशीवर रंग तर मुळीच मारू नका. काँक्रीटवरची बुरशी साबणाच्या पाण्याने घासून काढा आणि भिंत पूर्ण वाळू द्या. बुरशीचा पसारा साधारण एक चौरस मीटरपेक्षा जास्त असेल, किंवा घरात दमा, ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असलेलं कुणी असेल तर हे काम व्यावसायिकांनाच द्या. घासताना बुरशीचे कण घरभर पसरतात.

पुन्हा भिंत उभी करताना

बाहेरचं पाणी वळवून झालं, एक पावसाळी मोसम गेला, लोणा परत आला नाही आणि प्लास्टिकची चाचणी समाधानकारक आली, की मगच पुढचं. ही वाट पाहणं कुणालाच आवडत नाही, पण घाईने लावलेली भिंत पुन्हा काढावी लागली तर त्याहून जास्त वेळ जातो.

मुद्दा एकच: खोलीतली हवा थंड काँक्रीटला कुठेही शिवता कामा नये. त्यासाठी भिंतीला सर्वात आधी घट्ट फोमची शीट लागते, ग्लास वूल नाही. थर्माकोलची म्हणजे ईपीएसची (फुगवलेलं पॉलिस्टायरीन), नाहीतर एक्सपीएसची (त्याच पॉलिस्टायरीनचा जास्त घट्ट प्रकार). फोम पाण्याने कुजत नाही, बुरशीला खाद्य पुरवत नाही, हवा अडवतो आणि जाडीप्रमाणे थोडी वाफ हळूहळू जाऊ देतो. ५० मिलिमीटर एक्सपीएस लावला तर बाहेर शून्य अंश असतानाही त्याचा खोलीकडचा पृष्ठभाग खोलीपेक्षा एक-दीड अंशानेच थंड राहतो. तिथे पाणी सुटायचा प्रश्नच येत नाही. किती जाडी हवी हे तुमच्याकडच्या थंडीवर आणि बांधकाम नियमांवर ठरेल.

शीट चिकटवताना फोमला चालणारा गोंद घ्या. काही गोंदांतलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतं, आणि महिन्याभराने मागे पोकळी तयार होते. सांधे टेपने बंद करा. वरची कड, खालची कड, खिडकीभोवतीची फट आणि पाइपभोवतीची जागा स्प्रे फोमने किंवा सीलंटने भरा. या कडा राहिल्या तर बाकीची मेहनत वाया जाते. फोममागे बोटभर फट आणि वर-खाली उघडं असेल तर हवा तिथे गोल गोल फिरत राहते आणि भिंत पूर्वीसारखीच भिजते.

वरच्या मजल्याची लाकडी चौकट जिथे पायाच्या भिंतीवर टेकते, ती जागा लोक हमखास विसरतात. थंड प्रदेशात घरातली सगळ्यात गळकी आणि थंड जागा तीच. तिथे ग्लास वूलचे तुकडे कोंबलेले असतील तर काढा. मागचं लाकूड काळं पडलेलं नाही ना, ते बघा. प्रत्येक खणाच्या मापाचा फोमचा तुकडा कापून बसवा आणि चारही कडा सील करा.

फोमच्या पुढे स्टडची, म्हणजे बोर्ड ठोकायच्या उभ्या पट्ट्यांची, चौकट उभी करा. तळाची पट्टी रसायन मुरवलेल्या लाकडाची घ्या आणि तिच्याखाली फोमची पातळ पट्टी टाका, म्हणजे फरशीतली ओल लाकडात चढणार नाही. स्टड थेट काँक्रीटला टेकवू नका. फोम पुरेसा जाड असेल तर स्टडच्या मधल्या जागेत ग्लास वूल भरता येतो, पण पुढे प्लास्टिक नको. तुमच्या भागातले नियम आतल्या बाजूने वाफरोधक सक्तीचा करत असतील तर तळघरासाठी वेगळी तरतूद आहे का हे परवानगी देणाऱ्या कार्यालयात विचारा.

वर किमान १२.५ मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड लावाच. फोम उघडा ठेवायचा नाही. आग लागली तर तो झपाट्याने पेटतो आणि विषारी धूर सोडतो. बोर्डाची खालची कड फरशीपासून १०-१२ मिलिमीटर वर ठेवा, स्कर्टिंगने ती झाकली जाते. बोर्ड जमिनीला टेकला तर फरशीवर सांडलेलं थोडंसं पाणीही तो वर ओढून घेतो. रंग साधा, वाफ जाऊ देणारा. विनाइल वॉलपेपर नको, तो म्हणजे पुन्हा प्लास्टिकच. वाळवीचा त्रास असलेल्या भागात भिंतीच्या वरच्या कडेला तपासणीसाठी उघडी पट्टी ठेवा.

बोर्ड लावण्याआधी रेडॉनची चाचणी करून घ्या. हा वास नसलेला किरणोत्सारी वायू मातीतून तळघरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे १०० बेकरेल ही संदर्भ पातळी सुचवलेली आहे. रेडॉन बाहेर काढणारा पाइप बसवायचा असेल तर भिंती-फरशी उघड्या असतानाच सोपं पडतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

दगडी चिरेबंदी किंवा जुनी विटांची भिंत असेल तर वरची कृती तशीच उचलू नका. अशी भिंत आतल्या उबेवर कोरडी राहते. आतून इन्सुलेशन लावलं की ती थंड आणि ओली होते, आणि जिथे पाणी गोठतं तिथे विटांचे थर सुटू लागतात. भिंतीत शिरलेली लाकडी तुळयांची टोकं कुजतात, हा त्याहून मोठा धोका. जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला दाखवा. खडबडीत दगडावर फोमची शीट बसतही नाही, तिथे क्लोज्ड-सेल (बंद पेशींचा, घट्ट) स्प्रे फोम लागतो. तो फवारणं प्रशिक्षित माणसाचंच काम.

बाहेरचं पाणी वळवूनही सांध्यातून पाणी येत असेल तर भूजलाची पातळी पायापर्यंत आलेली असू शकते. मग आतून ड्रेन आणि संप, किंवा बाहेरून खणून भिंतीला वॉटरप्रूफ पडदा आणि ड्रेन पाइप. पायालगत खोल चर स्वतः खणू नका. चराची बाजू ढासळते आणि आत माणूस असतो. सांडपाण्याचा वास किंवा ड्रेनमधून उलटं येणारं पाणी असेल तर प्लंबर. जुन्या फरशीत किंवा पाइपांवरच्या आवरणात ॲस्बेस्टॉसचा संशय असेल तर ते फोडू नका, आधी नमुना तपासून घ्या. तळघरात बॉयलर किंवा गॅसचं यंत्र असेल तर खोली हवाबंद करण्याआधी त्याला ज्वलनासाठी हवा कुठून मिळणार हे तंत्रज्ञाकडून तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

तळघरात पाणी भरलंच तर वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय त्यात पाय ठेवू नका. मुख्य स्विच त्याच पाण्यापलीकडे असेल तर वीज कंपनीला बोलवा. पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती पाण्याने भरलेली असते आणि आतला आधार एकदम गेला की भिंत आत येऊ शकते. बाहेरची पातळी उतरल्यावर रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढा. भिजलेलं सामान चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते, म्हणून पाणी ओसरलं की बोर्डाचा भिजलेला भाग आणि ग्लास वूल लगेच कापून बाहेर काढा.

काम पूर्ण झाल्यावर हायग्रोमीटर तिथेच राहू द्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पहिल्या कडक थंडीत स्कर्टिंगचा एक तुकडा काढून मागे हात लावून बघा. त्यासाठी तो तुकडा खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवा.